भिवाजीमामांनी कंदील विझवला तेव्हा

परवा अवसेला झरी गावाजवळच्या शेतात दुर्बीण लावून बसलो होतो... आणि चांगलीच फजिती झाली.

आधी एक कबुली देतो. देवयानीतला तेजोमेघ मी पाहिला, असं गेल्या महिन्यात माझ्या घड्याळांच्या दुकानात तुम्हा मंडळींना छातीठोकपणे सांगितलं होतं. मी तो पाहिलाच नव्हता. भिंग नीट न जुळल्यामुळे एक तारा फिसकटलेला दिसला आणि मी त्यालाच तेजोमेघ ठरवलं. आठवड्यात चूक कळली, पण बोलायची हिंमत झाली नाही... आणि येत्या रविवारी तुम्ही सगळे बघायला येणार!

म्हणजे परवा तो सापडायलाच हवा होता.

दुर्बीण माझ्या हातची. हैदराबादच्या जुन्या बाजारातली दोन इंची लेन्स, इथल्या मोंढ्याच्या पेठेतल्या पत्रेवाल्याकडून नळी, आणि डोळ्याशी माझंच घड्याळ दुरुस्तीचं भिंग. शाळा उर्दू, तीही चौथीनंतर सुटली, इंग्रजी मी घड्याळांच्या कॅटलॉगवरून शिकलो. पण हाताला अर्ध्या सुताची चूक खपत नाही.

साडेसातला सुरुवात केली. शेजारी कंदील, मांडीवर वही. नळी किती कलती, समोर कुठला तारा, किती वाजले... दर पाच मिनिटांनी नोंद. साडेनऊपर्यंत चोवीस नोंदी झाल्या, आणि चोवीसही एकच : काही नाही.

मान अवघडली. लेन्सवर दव धरलं, ते पुसताना धक्का लागून नळी हलली आणि मुश्किलीने धरलेला ताराही गेला. खरं सांगतो, सगळं उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

त्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. राखणीला भिवाजीमामा, साठी उलटलेले. बराच वेळ माझी गंमत बघत असावेत.

"काय हुडकायलाव घड्याळमास्तर? दोन घंटे झाले की."

म्हटलं, आभाळात एक पुसट ढगुळं आहे मामा, सापडत नाही.

"मंग कंदील कशाला? जाळाकडं बघून अंधारात काय दिसंल? इझवा आदी."

"आणि नोंदी कशा करू?"

"न दिसल्याच्या नोंदी करायलाव व्हय?" असं म्हणत मामांनी स्वतःच कंदील विझवला. मला राग आला... पण चोवीस नोंदी माझ्याविरुद्ध होत्या. वही मिटली.

अर्धा तास त्यांनी मला तसंच अंधारात बसवून ठेवलं. विडीसुद्धा पेटवू दिली नाही. मग सांगितलं, "लांडगा हुडकायचा तर त्येच्यावर नजर रोखायची न्हाई. सरळ बघितलं की गायब. जरा बाजूला बघायचं, मंग त्यो डोळ्याच्या कोपऱ्यात येतो."

मी देवयानीचे तारे बोटाने दाखवले. मामांनी काठी वर केली. "त्येच्या वर ते पुसल्यावानी? ते तर आमाला रोज दिसतंय. त्येला नळी कशाला लागती?"

काठीच्या टोकाशी रोखून बघितलं... काही नाही. मग शेजारच्या ताऱ्यावर नजर ठेवली, आणि दिसला. नुसत्या डोळ्यांनी! पाटीवरचा खडू ओल्या बोटाने पुसावा, तसा लांबट, धुरकट.

नळी तिकडे वळवली. भिंगातही नजर जराशी बाजूला ठेवली, तेव्हा मधला भाग उजळ आणि कडा विरत गेलेल्या... लाखो वर्षांपूर्वी निघालेला उजेड. बघण्याच्या नादात नोंद राहिली. पहिल्यांदाच.

मामांनाही दाखवला. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ हललेच नाहीत. "मोठं दिसतंय खरं," म्हणाले. मग हळूच, "आमचा बा दाखवायचा ह्ये. त्यो गेल्यावर वाटलं, ह्येला बघणारा मी एकलाच उरलो..."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसून राहिलो.

जे काही शिकलो ते कुणाच्या मदतीशिवाय, असं मी आजवर सांगत आलो. यापुढे तसं म्हणता येणार नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही... रविवारी जरूर या. मेंढ्या घेऊन पुढच्या शेताकडे निघालेल्या मामांना मी हट्टाने थांबवून घेतलंय. नळी मी धरीन, दाखवतील ते.