कॉलरच्या आतली चौथी गाठ

या सदरात भुतं, चकवे, हडळी वाचून मी नेहमी हसत आलेय. आयुष्यभर भोपाळच्या शाळेत फिजिक्स शिकवलं, त्यामुळे 'कुणीतरी मागे उभं होतं' वगैरे ऐकलं की मी आधी खिडकी उघडी होती का ते विचारते. आजही विचारते. खाली लिहिलंय त्यात भूत नाही, आवाज नाही, सावली नाही. शाळेचं एक पोलकं आहे आणि दोन स्वेटर आहेत... आणि त्यांचा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

आम्ही उज्जैनला माधव नगरात भाड्याच्या घरात राहायचो. बाबा सरकारी कचेरीत कारकून. आम्ही तिघी बहिणी – ताई, कुसुम आणि धाकटी मी. तिघी एकाच मुलींच्या शाळेत जायचो. गणवेश एकसारखा, मापं थोडीफार सारखी, त्यामुळे कपडे हरवायचे, बदलायचे, दुसरीच्याच अंगावर दिसायचे. आईने त्यावर आपली युक्ती काढली होती. प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत ती लाल दोऱ्याने गाठीचा टाका घालायची. ताईला एक गाठ, कुसुमला दोन, मला तीन. ताईचं पोलकं आखूड झालं की त्यात शेजारीच आणखी एक गाठ पडायची आणि ते कुसुमचं व्हायचं. आधीची गाठ आई कधी उसवायची नाही, कापडाला भोक पडतं म्हणून. मला तर नवं काही मिळायचंच नाही, सगळ्याला एक-दोन-तीन असा इतिहास असायचा.

आई डावखुरी होती. त्यामुळे तिच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा आणि टोक डावीकडे वळायचं. कुसुमने नक्कल करायचा खूप प्रयत्न केला, पण तिला ते कधी जमलं नाही.

माझ्यानंतर एक चौथी झाली होती, हे आम्हाला माहीत होतं. संस्थान जाऊन नवा मध्य भारत झाला, बाबांच्या कचेरीचं दप्तर ग्वाल्हेरला हलत होतं, त्याच गडबडीत आई बाळंत झाली. मुलगी झाली आणि दवाखान्यातच गेली, बाबांनी तिला क्षिप्रेच्या काठी पुरलं, असं सांगितलं गेलं. आई तापाने बेशुद्ध होती, तिने तोंडही पाहिलं नाही. तिने आधीच शिवून ठेवलेलं झबलं – आत चार गाठी – तेही घरी परत आलं नाही. शेजारची एक बाई आईला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "चौथी लडकीच होती ना, मग कशाला रडता?" आईने तिला त्यानंतर कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. माझा शाळेचा स्कार्फ हरवला आणि आई मला हाताला धरून शाळेत घेऊन गेली. व्हरांड्यात एक लाकडी पेटी असायची, सापडलेले कपडे त्यात टाकायचे. आईने एकेक कपडा काढून कॉलर उलटून बघायला सुरुवात केली. मधेच तिचा हात थांबला.

पहिलीच्या मुलीचं असावं एवढंसं पांढरं पोलकं होतं. कॉलरच्या आत लाल दोऱ्याच्या चार गाठी. पीळ उलटा, टोकं डावीकडे.

मला वाटलं आई रडेल. ती रडली नाही. तिने ते नाकाशी नेलं, वास घेतला, आणि मला म्हणाली, "चल घरी."

बाबा संध्याकाळी आले तेव्हा पोलकं धुऊन दोरीवर वाळत होतं. बाबांनी ते पाहिलं, उजेडात नेलं, मग शांतपणे म्हणाले, "अगं, आपलेच जुने कपडे बोहारणीला दिलेस. कुणीतरी खरीदले असतील. तू उगाच परेशान होतेस."

"मी बोहारणीला चार गाठींचं काही दिलेलं नाही," आई म्हणाली. "आणि हे कापड नवं आहे. हा गणवेश तर याच वर्षी लागू झाला."

बाबांनी पोलकं परत दोरीवर टाकलं.

आता आईने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तिच्याकडे जगात तेवढा एकच पुरावा होता. तो तिने घरच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवायला हवा होता, शाळेच्या मोठ्या बाईंना दाखवायला हवा होता. तिने काय केलं, तर त्याचं तुटलेलं बटण लावलं, लोट्यात निखारे घालून इस्त्री केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत शाळेच्या पेटीत नेऊन ठेवलं.

कुसुम चिडली. "आई, परत कशाला ठेवतेस?"

"तिला एकच पोलकं असेल तर? आज काय घालून येईल ती?"

आई आणि मी व्हरांड्याच्या खांबापाशी उभ्या राहिलो. कोण पोलकं नेतंय ते बघायचं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरींचा लोंढा आला आणि गेला. पेटीत पोलकं नव्हतं. मी डोळे न हलवता बघत होते असं मला वाटत होतं... आजही वाटतं.

आई मोठ्या बाईंकडे गेली. त्या भल्या होत्या, पण त्यांनी साफ सांगितलं की लहान मुलींच्या कॉलरी उलटून बघायला त्या कुणाला परवानगी देणार नाहीत, लोक काय म्हणतील. शाळेची आया रामकली तेवढी म्हणाली, "बहनजी, इत्ती बच्चियाँ हैं, हम किस-किसका गला देखें?" मग ते काम मी केलं. प्रार्थनेच्या वेळी मी लहान मुलींच्या रांगेमागे उभी राहायचे, एकेकीच्या मानेपाशी वाकायचे. मुली ओरडायच्या, बाईंनी मला दोनदा कान धरून वर्गात नेलं. पण पहिलीतली एकही मान मी सोडली नाही. कुणाच्याच कॉलरमध्ये लाल दोरा नव्हता.

थंडी पडली तेव्हा आईने फ्रीगंजच्या बाजारातून निळी लोकर आणली आणि सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा स्वेटर विणला. गळ्याच्या आत चार गाठी घातल्या. तो पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नव्हता. ठीक आहे, कुणीही नेला असेल, थंडीचे दिवस होते, गरीब मुली होत्या. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तो स्वेटर परत पेटीत आला. धुतलेला, घडी घातलेला, कोपरं विरलेली. कुणीतरी तो पूर्ण हिवाळा घातला होता.

आईने तो छातीशी धरला आणि एवढंच म्हणाली, "वाढतेय."

पुढच्या थंडीत तिने मोठ्या मापाचा विणला. तोही गेला आणि उन्हाळ्यात तसाच विरून परत आला. त्या वर्षी आई घरात गुणगुणायची. मला तिचं असं गुणगुणणं आधी कधी ऐकल्याचं आठवत नाही.

आणि मग मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ, कचेरी भोपाळ, बाबांना हुकूम भोपाळचा. आईने सामान बांधायला नकार दिला.

"तुम्ही जा. मी पोरींना घेऊन इथेच राहते. माझी पोरगी इथे आहे."

"तुझी पोरगी मी माझ्या हातांनी पुरली आहे," बाबा म्हणाले.

"मग जागा दाखवा मला. आत्ता चला. क्षिप्रेच्या काठी कुठे, ते दाखवा."

बाबा खाटेवर बसले. आम्ही तिघी दारात उभ्या होतो, त्यांनी आम्हाला घालवूनही दिलं नाही. ते म्हणाले की त्या दिवशी कचेरीचं दप्तर घेऊन ग्वाल्हेरच्या गाडीत बसायचं होतं. दवाखान्यातला माणूस झबल्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन समोर आला आणि म्हणाला, बाबूजी, आप जाइए, हम कर देंगे. बाबांनी त्याच्या हातात काहीतरी ठेवलं आणि स्टेशन गाठलं.

"तोंड बघितलं होतं तुम्ही?" आईने विचारलं.

"नाही."

"हात लावला होता? गार होती का?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता, हे बाबांना माहीत होतं – म्हणजे त्यांनी आधीच जाऊन चौकशी केली होती. पोलकं दोरीवर दिसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

 आईने तिसरा स्वेटर संपवला, पेटीत ठेवला, आणि आमच्याबरोबर भोपाळला आली. तिथे दर हिवाळ्यात ती मोठ्या मापाचा स्वेटर विणून बाबांच्या हातात द्यायची. बाबा रजा काढून उज्जैनला जायचे. परत आले की आई विचारायची, "आधीचा होता का पेटीत?" बाबा म्हणायचे, "नाही. नेला तिने." मग आई दोन घास जास्त जेवायची.

असं ती मुलगी शाळा सोडायच्या वयाची होईपर्यंत चाललं. एका वर्षी आई स्वतःच म्हणाली, "आता साडी नेसत असेल. आता तिचं ती बघेल." आणि तिने सुया ठेवून दिल्या. बाबा उठून बाहेर गेले.

आई गेल्यानंतर बाबांनी मला खरं सांगितलं. तिसऱ्यापासून पुढचे सगळे स्वेटर जिथे ठेवले तिथेच, तसेच पडलेले असायचे. एकही कुणी घातला नाही. बाबा तो उचलायचे, नवा ठेवायचे, आणि जुना स्टेशनवरच्या एखाद्या पोरीला देऊन परत यायचे.

ते पहिले दोन कुणी घातले? त्या पोलक्यावर आईचाच टाका कसा होता? आम्ही उज्जैन सोडल्यावर ती कुठे गेली, की मुळात नव्हतीच? माझी बुद्धी मला सांगते की कुठलीतरी गरीब मुलगी, कुठलातरी योगायोग. पण तो उलटा पीळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यापुढे माझी बुद्धी चालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझी आई मेली तेव्हा तिची खात्री होती, आपल्या चौथीला एकाही हिवाळ्यात थंडी वाजली नाही.