हौदाचा दांडा

बाप्टिस्ट चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होत आली आणि त्याच वर्षी ती बंद करायचं ठरलं. रविवारच्या उपासनेला जेमतेम सतरा डोकी, त्यातली निम्मी चार पायऱ्या चढतानाही मध्ये दम खाणारी. महिनाअखेरीला सगळ्यांनी पलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हायचं, असा ठराव झाला. निदान इतिहास तरी लिहून ठेवावा म्हणून ते काम गुरुजींच्या गळ्यात मारलं. गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर आणि मंडळीचे जुने चिटणीस. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

हौदमावशीला त्या ठरावाचं ना सुख ना दुःख, निदान ती तसं म्हणायची. वय एकाहत्तर, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक दूर नांदणारी. उमेदीची सगळी वर्षं तिनं इथली बाकं पुसली होती आणि बाप्तिस्म्याचा हौद भरला होता. बाप्टिस्ट लोकांत तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. जाणत्या माणसानं आपणहून विश्वास सांगायचा आणि पाण्यात पुरतं बुडून वर यायचं. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद होता. त्याच्या तळाचा कॉक कित्येक वर्षांपासून ढिला. आत माणूस बुडाला की पाण्याला हिसका बसायचा, कॉकचा दांडा उडायचा आणि सगळं पाणी वाहून जायचं. दुरुस्तीचा विषय दर वार्षिक सभेत निघायचा आणि एकमतानं पुढच्या वर्षावर जायचा. एकमत करण्यात ही मंडळी कुणाला हार जाणारी नव्हती. तोवर कुणीतरी फळ्यांखालच्या पोकळीत बसून दांडा दाबून धरायचा. कुणीतरी म्हणजे अर्थात मावशीच.

मंगळवारी दुपारी गुरुजी तिच्या खोलीवर आले. काखेत सभासदांची जाड वही होती. चहा पिऊन झाला तरी त्यांचं बूड हलेना. शेवटी त्यांनी सांगितलं, की इतिहासाच्या शेवटी सगळ्या सभासदांची यादी द्यायची आहे आणि वही तीनदा चाळूनही तिचं नाव सापडत नाही.

"नसेलच," मावशी म्हणाली. "माझा बाप्तिस्माच झालेला नाही."

मग तिनं सांगून टाकलं. सांगतानासुद्धा ती दमली. एकोणिसाव्या वर्षी पांढरा झगा घालून ती रांगेत सातवी उभी होती. पहिल्याच माणसाला दांडा उडाला. बाकीचे नुसते बघत राहिले, ही धावत खाली गेली आणि दांडा धरून बसली. सहाजण पार पडले. गळतीच्या पाण्यानं नखशिखान्त भिजून ती वर आली, तेव्हा बायकांनी तिला मिठ्या मारल्या, गाणं झालं, सगळे घरी गेले. तिचं राहिलंय हे बाप्तिस्मा देणाऱ्या एकट्या पाळकसाहेबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेआधी ते दुसऱ्या गावी गेले. नंतर दर खेपेला दांडा धरायला माणूस लागायचाच. पुढे तर सांगायचीच लाज वाटायला लागली. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा, म्हणून त्या वेळी ती मागे मोरीत पेले विसळत उभी राहायची. बावन्न वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई कामसू आहे, एवढंच सगळे म्हणायचे. याचा तिला राग यायचा, पण राग धरायलाही अंगात बळ लागतं.

गुरुजींनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "मी तारीख घालून टाकतो. त्या सहाजणांच्या खाली. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," मावशी म्हणाली. "खोट्या तारखेनं नको, गुरुजी. त्यापेक्षा नाव नसलेलं बरं."

येत्या रविवारी बेकरीवाल्याच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. या हौदातला शेवटचा. नंतर इमारत विकत घेणारे नवे मालक हौद बुजवणार होते. दोघांनाही हे माहीत होतं. मावशीनं कप उचलले आणि म्हणाली, आता गुडघे राहिले नाहीत, आणि दांडा कोण धरणार?

गुरुजींनी वही काखेत मारली. "मी धरतो की," ते म्हणाले.

रविवारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरुजी कोट काढून पोकळीत शिरले. आत जाताना त्यांचं डोकं दोनदा आपटलं. बेकरीवाल्याची मुलगी बुडून वर आली. मग मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरली. हौद तिनंच पहाटे भरला होता, तरी पाणी इतकं गार असेल असं तिला वाटलं नव्हतं. तरुण पाळकांनी विचारलं ते तिनं मान्य केलं. त्यांनी तिच्या पाठीला हात दिला आणि ती पुरती बुडून वर आली.

फळ्यांखालून गुरुजींचा आवाज आला, "मावशी, आटपा. हात भरून आला."

बाकांवर हसू फुटलं. पाळकांनी वर घ्यायला हात पुढे केला. मावशीनं तो घेतला नाही. कंबरभर पाण्यात ती उभी राहिली, तोंडावरचं पाणीही पुसलं नाही.

"धरा अजून थोडं," ती म्हणाली. "मी बावन्न वर्षं धरलाय."

गुरुजींनी धरला. कुणी गाणं सुरू केलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हं, सोडा आता," आणि पाणी पावलांखाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली.