पाठमोरं बदक

थंडीतली सकाळ होती. धरणाच्या पाण्यावरचं धुकं विरत होतं आणि आम्ही सातआठ जण नवे पक्षी शोधत काठावर उभे होतो. एवढ्यात माझी ताई हळूच म्हणाली, "पलीकडे बघा, ते बदक वेगळं दिसतंय." सगळ्यांनी दुर्बिणी वळवल्या, पण तोवर ते गवताआड शिरलं होतं.

ताईनं केलेलं वर्णन ऐकून आमचे म्होरके नाना हरखलेच. "अहो, हा पक्षी आपल्या धरणावर आजवर कुणालाच दिसलेला नाही! पहिली नोंद तुमच्या नावावर."

निवृत्तीनंतरचा प्रत्येक हिवाळा ताईनं अशाच एखाद्या क्षणाची वाट पाहण्यात घालवला होता. तिनं दुर्बीण खाली घेतली. "नको नाना. ते पाठमोरं होतं, चोच दिसलीच नाही."

"पण दुसरं काय असणार?"

"तेच असेल. पण मी ओळखलं, असं कसं म्हणू?"

ऊन चढेपर्यंत आम्ही थांबलो. बदक काही बाहेर आलं नाही. मला वाटलं, मनाला हवं ते डोळे किती सहज दाखवतात! आस लागली की वाळक्या फांदीचासुद्धा पक्षी होतो. आणि इतक्या वर्षांची आस असलेली ही बाई, सगळे हो म्हणत असताना, चोच दिसली नाही म्हणून सांगते.

आमच्यात नव्यानंच आलेल्या एका गृहस्थांनी मला हलकेच विचारलं, "कोण हो या बाई?"

"माझी थोरली बहीण," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला. काठावरचे चार बगळे उडाले.