चहा संपेपर्यंत इंजिन चालू

वसंतकाकांची आणि माझी ओळख माझ्या आगाऊपणामुळे झाली. शाळा अर्ध्यात सोडून मी कोटा, रतलाम, इंदूर असा भटकत होतो. उज्जैनला देवास गेटला उतरलो आणि पाय नेतील तसा नानाखेड्याकडे गेलो. एका वर्कशॉपसमोर लाल गाडी चालू उभी होती आणि शेजारी स्टुलावर एक गृहस्थ निवांत चहा पीत होते. पेट्रोल वाया जातंय म्हणून मी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली.

"माझा चहा संपला का?" काकांनी विचारलं आणि गाडी परत सुरू केली.

त्या गाडीला त्यांनी टर्बो बसवला होता. इंजिनात जादा हवा कोंबणारी ही चक्की जोरात पळून आल्यावर लालबुंद असते. इंजिन एकदम बंद केलं तर तिचं तेल थांबतं आणि आतल्या आत जळतं. म्हणून पळून आलेली गाडी चहा संपेपर्यंत चालू ठेवायची, हा काकांचा नियम. (त्या चहात आलं किती असतं, हा वेगळाच विषय. असो.)

बाजार खुला झाला, बाहेरचे पार्ट मिळू लागले, तशी टावर चौकात जो तो वेगाच्या गप्पा मारू लागला. काकांकडे मात्र कुणी "टर्बो लगा दो" म्हणत आलं की ते आधी ब्रेक उघडत. "रुकेगी, तब दौड़ाएंगे." चिडून निघालेल्या गिऱ्हाइकालाही ते चहा पाजूनच पाठवत.

ती लाल गाडी कापडवाल्या राजूभैयांची. तोवर मी काकांच्या हाताखाली काम शिकू लागलो होतो. घाटातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "उस्ताद, थोड़ा और." मला उस्ताद कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं! जादा हवा सोडून देणाऱ्या वॉल्व्हच्या स्प्रिंगखाली मी गुपचूप दोन वॉशर घातले, म्हणजे तो उशिरा उघडेल आणि इंजिनात आणखी हवा जाईल. गाडी अशी उडाली म्हणता!

सकाळी निघण्याआधी काकांनी सवयीप्रमाणे प्लग काढून पाहिले. पांढऱ्या भागावर मोहरीहून बारीक चंदेरी ठिपके होते.

"हे पिस्टन आहे," काका म्हणाले. "वितळायला लागलंय."

मी वॉशरांचं सांगून टाकलं. डोळे माझ्या पिशवीकडे होते. निघून जाण्यात मी तरबेज.

"काका, आज जाने दो," राजूभैया म्हणाले. "टूटेगा तो मेरा टूटेगा."

"घाट में इंजन जाम हुआ तो सिर्फ इंजन टूटेगा क्या, भैया? बाजू में आपका छोटा भाई बैठेगा." मग काकांनी हात जोडले. "गलती मेरे वर्कशॉप की है."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. शर्यत हुकली, राजूभैया महिनाभर बोलले नाहीत.

ते गेल्यावर काका मला म्हणाले, "पळायचं तर पळ, बेटा. पण हे इंजिन खोलून बघ, मग पळ."

खोललं. उंदरानं पोळी कुरतडावी तशी तिसऱ्या पिस्टनची कड गेली होती. त्या धाकट्या भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी पिशवी खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे. आणि राजूभैया आता भावाचीही गाडी इथेच आणतात.

काका, आज आपल्याला साठ वर्षं पूर्ण होत आहेत. पुष्कळ धावलात, आता बंद करा, असं काहीजण म्हणतात. त्यांना आपला नियम ठाऊक नाही. आपले हात आणि नजर अशीच शाबूत राहोत, आपण स्टुलावर निवांत बसून असेच आम्हाला रागवत राहा. किल्लीला मी हात लावणार नाही. चहा मी ओततो आहे, आणि आपला कप मी रिकामा होऊ देणार नाही.