परदेशी गायकाच्या वतीने डेनिस

लंडनमधल्या एका माणसाने चौतीस वर्षं जगातल्या बड्या बड्या गायकांचं बक्षीस हातात घेतलं आणि एकदाही घरी नेलं नाही. डेनिस हॅकेट त्याचं नाव. धंदा म्हणाल तर तिथल्या पेकम भागात गालिचे विकण्याचा. पण दर फेब्रुवारीत एक दिवस रजा टाकून तो संगीत पुरस्कारांच्या रंगीत तालमीला जायचा. खरे मानकरी तालमीला कशाला येतील? मग कॅमेरे लावायचे कुणावर? त्यासाठी बदली माणसं. डेनिसचा मेहुणा तिथे दिव्यांच्या कामावर होता. त्याने पहिल्या वर्षी याला ओढून नेलं, आणि ‘परदेशी पुरुष गायक’ या बक्षिसाचं प्रकरण डेनिसच्या गळ्यात पडलं ते कायमचंच.

त्या बक्षिसाचा इतिहास विचारावा तर डेनिसला. सुरुवातीला हॉटेलात जेवण असायचं, गार झालेली कोंबडी आणि लांबलचक भाषणं. मग मोठं सभागृह आलं, त्यानंतर नदीकाठचा तो अवाढव्य घुमट. बदललं नाही ते एकच, परदेशी गायक काही यायचा नाही. एक दौऱ्यावर, एकाला विमानाची भीती, एकाने तर न्हाणीघरात बसून निरोप चित्रित करून धाडला. त्यामुळे तालमीत डेनिसला एक वाक्य नेमून दिलं होतं: “तो आज इथे येऊ शकला नाही, त्याला फार वाईट वाटतंय. त्याच्या वतीने मी सगळ्यांचे आभार मानतो.”

घरी त्या वाक्याची थट्टा व्हायची. बायको, पॉलीन, डोकं दुखतं म्हणून नणंदेकडे जेवायला गेली नाही की डेनिस तिथे सॉसची बाटली हातात धरून उभा राहायचा आणि पॉलीनच्या वतीने आभार मानायचा. परत आल्यावर ते सगळं तिला पुन्हा करून दाखवावं लागे. ती हसून हसून बेजार व्हायची.

नोव्हेंबरात पॉलीन गेली. दफनाआधी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी दोन शब्द बोलायची खूण केली तसा डेनिस उठला. समोर माईक दिसला, हात आपोआप त्यावर गेला आणि तोंडातून इतकी वर्षं घोटलेलं तेच बाहेर पडलं. “पॉलीन आज इथे येऊ शकली नाही, तिला फार वाईट वाटतंय...”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी, जनीन, उठून बाहेर गेली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात तिने त्याला धरलं. “डॅड, थट्टा करायला हीच जागा सापडली तुला?”

“तोंडातून आलं गं.”

“मग दुसरं काहीतरी येऊ दे की. आई गेली, एवढं म्हण. एकदा तरी म्हणालास का?”

त्याने तोंड उघडलं. काही येईना. जनीनने कोट चढवला. “म्हणता येईल तेव्हा फोन कर. तोवर नको.”

त्यानंतर डेनिसचं सगळं ठाकठीक चाललं होतं, आणि हेच वाईट होतं. दुःख झालं असतं तरी बरं. पण आत काहीच हलत नव्हतं. डबाबंद घेवड्याचे दाणे तो गारच खायचा. बंद टीव्हीसमोर तासभर बसायचा. दाढी करताना आरशात सराव करायचा, तर ‘पॉलीन’ एवढं यायचं आणि पुढे जीभ लाकडाची. फोन उचलायचा, ठेवून द्यायचा.

फेब्रुवारीत तालमीच्या व्यवस्थापक पिपाबाईंचा फोन आला. “डेनिस, पुढच्या वर्षीपासून तुझं बक्षीस बंद बरं का. बाई-पुरुष वेगळे ठेवायचे नाहीत, परदेशी कलाकार म्हणून एकच. तेव्हा ही शेवटची खेप.”

“बरं.”

“वाईट नाही वाटलं?”

“नाही,” डेनिस म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तालमीचा दिवस, दुपारची वेळ. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्याखुर्च्यांवर नामवंतांच्या चेहऱ्यांचे पुठ्ठे लावलेले, कोण कुठे बसणार ते कळावं म्हणून. मानकऱ्याच्या नावाचं पाकीट फुटलं, डेनिस अकरा पायऱ्या चढला, बक्षिसाचा लाकडी नमुना त्याच्या हातात आला. कर्ण्यातून पिपाबाई म्हणाल्या, “ते वाक्य आज राहू दे. तीस सेकंद तुझी. मान आभार कुणाचे मानायचे ते.”

पायाशी ठेवलेल्या घड्याळात आकडे उलटे धावू लागले. आभार मानायचे तर पॉलीनचेच. दर वर्षी डबा तिने दिला. टाय तिने बांधला, म्हणायची, तुझं तोंड कोण बघतंय, टाय तरी सरळ असू दे.

“पॉलीन...”

वीस. मागोमाग जुनं वाक्य आलंच होतं, ते त्याने दातांत धरलं. इथे नाही म्हणालो तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. दहा. शून्य. वेळ संपली की माईक बंद होतो आणि भाषण दाबायला बँड वाजू लागतो, तसा तो वाजू लागला. त्या गोंगाटात डेनिस म्हणाला, “पॉलीन गेली. ती येणार नाही.”

“वेळ गेली रे तुझी,” पिपाबाई म्हणाल्या. “चला, पुढचं बक्षीस.”

कुणालाही काही ऐकू गेलं नव्हतं. डेनिस खाली उतरला आणि लाकडी नमुना काखेत मारून त्याने फोन लावला.

“जनीन, तुझी आई गेली गं.”

“हो, डॅड.”

“गेली ती.”

“हो.”

जवळच्या खुर्चीवर तो बसला, तिच्यावरच्या पुठ्ठ्यातल्या हसऱ्या चेहऱ्यावरच. “आता काय करायचं मला कळत नाहीये,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

“कुठे आहेस?”

“हॉलवर. तालमीला.”

“तिथेच बस,” जनीन म्हणाली. “मी येतेय.”