अण्णा, तुम्ही बाहेर बसा

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीच्या स्टँडवर जालन्याच्या बसची वाट पाहत होतो. "अण्णा, आता येऊ नका... शुभी गेली," एवढंच तो बोलला. शुभांगी, त्याची मुलगी, माझी पुतणी. काविळीत लिव्हर निकामी झालं म्हणून तिला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बस आली, गेली, मी बाकावर बसून राहिलो.

ती इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. शोकसभेत सगळे म्हणाले, गावासाठी तिने अमेरिकेला जायची संधी सोडली. मी पुढच्या रांगेत मान हलवत होतो. ते खरं नाही. तिला जायचं होतं. ती राहिली ती माझ्यामुळे.

बारावीनंतर तिने तिकडच्या विद्यापीठांना अर्ज केले होते. परदेशी मुलांनी फीसाठी मदत मागितली की बहुतेक ठिकाणी प्रवेशाची शक्यता कमी होते, आणि आधी मागितली नाही तर पुढेही सहसा मिळत नाही, हे तिनेच मला समजावलं. तिने मदत मागितली. अर्जात घरची मालमत्ता विचारली होती, ती सांगायला भावाने थोरला म्हणून मला बसवलं. मी आम्हा सगळ्या भावांचं रान एकत्र सांगितलं. सोयरिकीला पाहुणे आले की आम्ही असंच सांगतो.

"अण्णा, आमच्या वाट्याचंच सांगा ना."

"मंग काय उघडे-नागडे म्हणून जातीस का तिकडं? घराणं दिसू दे."

ती हसली. "नवरा न्हाई पाहून राह्यले मी, कॉलेज पाहून राह्यले."

पण लिहिलं मी सांगितलं तेच. थोरल्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा...

एका विद्यापीठाने प्रवेश दिला, मदत नाकारली. इतकी शेती असलेल्यांना मदत कशाला, असा त्यांचा हिशेब. वाटणीचा खरा कागद पाठवला तर ते फेरविचार करणार होते. त्यावर पहिली सही माझी लागत होती. नेमकी तेव्हाच पिंपळगाव रेणुकाईच्या पाहुण्यांशी माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि त्यांनाही मी तेच सगळं रान दाखवलं होतं; कागद केला तर वाटण्या उघड पडल्या असत्या.

"साखरपुडा होऊ दे, मंग करू सही."

"तवर मुदत संपती, अण्णा."

मी चपला घालून बाहेर पडलो. साखरपुडा थाटात झाला. मुदत संपली. सही केली असती तरी मदत मिळालीच असती असं नाही, हे तीही म्हणायची. पण विचारायचंच राहून गेलं. लोकांनी विचारलं की मी सांगायचो, "पोरगीच भ्याली." एकदा ती चहा घेऊन आली तेव्हाही मी हेच सांगत होतो. तिने कप ठेवले आणि ती आत गेली. खोटं कधी उघडं पाडलं नाही.

पुढे नोकरी लागल्यावर ती गावोगावच्या मुलांना असे अर्ज भरायला मदत करू लागली. बहुतेकांना नकारच यायचे. कुणाला अर्धी मदत मिळायची. उरलेली फी झेपत नसल्याने आमच्याकडच्या घरांना तोही नकारच. तरी हिवाळ्यात, अर्जांच्या दिवसांत, तिच्या खोलीत मुलं असायचीच. घरच्या मिळकतीचं पान आलं की ती सोबतच्या मोठ्या माणसाला म्हणायची, "काका, तुम्ही बाहेर बसा, चहा येतो." त्यासाठी ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या असत. एकदा मी सहज आत डोकावलो. मान वर न करता ती त्याच आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही बी बाहेर बसा." मी बसलो. तेव्हाही बोलता आलं असतं...

गेल्या आठवड्यात शहागडची एक मुलगी आजोबांना घेऊन आली. शुभी गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. परत पाठवायचं जिवावर आलं, म्हणून मी खोली उघडून दिली. मुलगी मोबाईलवर अर्ज उघडून बसली. आजोबा दारातूनच म्हणाले, "आमचं रान लय हाये, सगळं लिही." मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर आणलं. आम्ही दोघे खुर्च्यांवर बसलो.

थोड्या वेळाने मुलगी दारात आली. "शेती किती लिहू?"

"फक्त तुझ्या बापाच्या वाट्याची," मी म्हणालो.

ती आत गेली आणि पुन्हा आली. "त्याच्या पुढच्या रकान्यात काय लिहायचं?"

त्याच्या पुढचं मला काही येत नव्हतं.