कच्चा राहिलेला तरोटा

तरोट्याची कॉफी कशी करायची ते मी आजवर शंभर बायांना तरी सांगितलं असेल. बचत गटात सांगितलं, भिशीत सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. पण त्या कॉफीच्या तळाशी जे बसलं आहे, ते मात्र कुणाजवळ काढलं नाही. पोरीजवळ नाही, नवऱ्याच्या फोटोसमोर नाही. देवाजवळही नाही — त्याला माहीत असेलच म्हणा, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं, नाही का? तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणून तर जमेल असं वाटतं.

आधी कॉफीचंच सांगते. पळवाट काढते आहे म्हणाल — तर काढते आहे. पण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

साकोलीत एक कार्यालय होतं. कोणतं ते राहू द्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वारल्यावर त्यांच्या जागी मला तिथं शिपाई म्हणून घेतलं. सातवी शिकलेली बाई मी, फाइली उचलायच्या, टपाल न्यायचं आणि चहा करायचा. तिथंच पारबता होती. रोजंदारीवर झाडलोट करायची, पाणी भरायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ती पण विधवा, जवळच्याच खेड्यातून पायी यायची. मला ‘बाई’ म्हणायची आणि डबा माझ्यासोबतच उघडायची. तिच्या हाताला चव होती हो. तिच्या गावात लग्न असो की तेरवी, भाजीच्या कढईपाशी पारबताच पाहिजे. ती पळी फिरवायला उभी राहिली की घरधनीण निश्चिंत. त्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. दुसरं काय होतं तिच्याजवळ?

मग बाहेरून एक नवे साहेब आले. त्यांना चहा चालत नसे, पित्त व्हायचं. कॉफीच पाहिजे. बाजारची कॉफी म्हणजे चिमुकली बाटली. दहा दिवसांत तळ दिसायचा. मग मी त्यात पाणी वाढवायची, साखर वाढवायची, आणि साहेब कप अर्धा ठेवून द्यायचे. मला त्या अर्ध्या कपाची भारी भीती वाटे. एक दिवस पारबता म्हणाली, “बाई, धुऱ्याधुऱ्यानं तरोटा वाळून राहिला आन तुम्ही कायले जीव जाळता? आमची माय तेचीच कॉफी करे.”

तरोटा माहीत आहे ना? बाहेरगावचे त्याला टाकळा म्हणतात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवतो. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी करतो आपण. दिवाळीनंतर त्याच्या शेंगा वाळतात, त्या बडवायच्या, सुपानं पाखडायच्या, बारीक चकचकीत बिया निघतात. त्या धुऊन, वाळवून, लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या. खरी गोम त्या भाजण्यात आहे. आधी ओल्या गवतासारखा हिरवा वास येतो. मग बिया तडतडतात, फुटाण्यासारखा वास सुटतो. तिथंही थांबायचं नाही. चिंचोक्यासारखा रंग आला, कडसर गोड वास घरभर झाला, की उतरवायचं. चांगला तास जातो. मग दळून, फडक्यातून गाळून, चार वाट्यांना एक वाटी बाजारची कॉफी मिसळायची. चिमूटभर सुंठ. झालं. साहेबांनी पहिल्याच दिवशी कप रिकामा केला आणि विचारलं, कोणती कॉफी आणली हो?

मी नुसती हसले. बघा — तिथंच सुरुवात झाली होती की काय? ‘पारबतानं शिकवलं’ एवढे दोन शब्द बोलायला काय जात होतं माझं?

तर ठरून गेलं. बिया पारबता आणायची, भाजायची मी, कारण माझ्या घरी गॅस होता. कार्यालयात माझ्या कॉफीचं नाव झालं. बडे बाबू तर सारखे टोमणे मारायचे, “अवो मावशी, साहेबाले अमृत आन आमाले चहाचं गरम पाणी? हा कोणता न्याय?” मग त्यांनाही देऊ लागले. पारबता दाराआड झाडू धरून हसायची. तिनं मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, “बाई, हिरवा वास जाईस्तोवर उतरवू नका जी. घाई केली तं तरोटा पोट झाडून काढते.” तिनं सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून, माझ्या कढईत डोकावून सांगितलं होतं. मी विसरले नव्हते. हे लक्षात ठेवा, मी विसरले नव्हते.

आता त्या दिवसावर येते. यायलाच पाहिजे.

मोठी बैठक होती. जिल्ह्यावरून वरिष्ठ साहेब येणार, तालुक्याची माणसं येणार. आदल्या दिवशी साहेब मला म्हणाले, उद्या सगळ्यांना तुमची कॉफी द्या. घरी येऊन डबा पाहिला तर भुकटी संपलेली. बिया होत्या, पारबतानं चारच दिवसांआधी आणून दिल्या होत्या. म्हटलं, सकाळी भाजू. सकाळी उठायला उशीर झाला, त्यात नवी साडी नेसायची होती — खरं सांगते, साडीपायी झालं ते. तास नव्हता हातात. गॅस मोठा केला. बिया वरून पटापट काळ्या पडल्या. पंधरा मिनिटांत उतरवल्या, मिक्सरमधून काढल्या.

आणि भुकटी हिरवट पिवळी निघाली.

मी वास घेतला. ओल्या गवताचा वास. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तेव्हा ती भुकटी फेकून चहा ठेवला असता, तर काय बिघडलं असतं? साहेब एवढंच म्हणाले असते की आज कॉफी नाही का. पण मी बाजारच्या कॉफीची सगळी बाटली त्यात ओतली, साखर जास्त घातली, सुंठ जास्त घातली. वास झाकला. नव्या साडीत ट्रे घेऊन गेले आणि सगळ्यांनी वा वा केली. वरिष्ठ साहेबांनी दुसरा कप मागून घेतला.

तासाभरात एकेक जण उठू लागला. हसायला येईल तुम्हाला, येऊ द्या; मलाही आधी हसूच येत होतं, भीतीचं हसू. बडे बाबू धोतर — नाही, पँटच घालत ते — पट्टा हातात धरून धावत आले, “मावशी, काय पाजलं वो? बावीस माणसं आन संडास एक! साहेब सोता रांगेत हाये!” मग मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. वरिष्ठ साहेबांना साखरेचा आजार होता. त्यांना घेरी आली, खुर्चीवरून घसरले, गाडीत घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. बैठक मोडली. आमच्या साहेबांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

पारबता मागच्या नळावर बादल्या भरत होती. ती माझ्याकडे धावत आली आणि एकच विचारलं, “बाई, भाजला होता ना बरोबर?”

हाच तो प्रश्न. लोकांना वाटेल मी साहेबांशी खोटं बोलले. नाही. साहेबांशी नंतर. पहिलं खोटं मी तिच्याशी बोलले. नळ तसाच वाहत होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, ती माझी होती, तिनं मला सांभाळूनच घेतलं असतं — आणि मी म्हटलं, “तासभर भाजला. हिरवा वास पुरा गेला होता. तुह्या बियांतच काही दुसरं आलं असन.”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. ते पाहिलं मी. माझ्या डोळ्यांदेखत ती स्वतःमध्ये चूक शोधू लागली. म्हणाली, “यंदा तलावाच्या पाळीवरून आणला जी. तिकडं आणखीन कोणतं झाड असन काय? मी तं नीट पाहून तोडलं... पाहिलं होतं का वो मी नीट?” मला विचारत होती. मी नळ बंद केला.

मग आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, कॉफीत काय होतं? मी म्हटलं, “भुकटी पारबताकडल्या बियांची आहे जी.” एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं बघा. किती हुशार बाई मी! आणि पारबता पुढं झाली, पदर सावरला, म्हणाली, “माह्याच हातून झालं साहेब. बाईचा काही दोष नाही जी. मीच दुसरं काही तोडून आणलं.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझी नोकरी कायम होती. तिची रोजची. दुसऱ्या दिवशीपासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

काम गेलं ते एक. पण तालुक्याच्या गावात गोष्ट किती पळते? तिच्या खेड्यात ती पोचायच्या आधी पोचली. कोणी तिला जुलाबवाली म्हणू लागलं. पोरंसोरं पोट धरून वाकायची तिला पाहून. आणि मग एका लग्नात ती नेहमीसारखी कढईपाशी जाऊन उभी राहिली, तर घरधनिणीनं तिच्या हातातली पळी काढून घेतली. प्रेमानं घेतली म्हणे. “तू बस वो पारबता, आज पाव्हणीवाणी बस.” हे मला तिच्या गावच्या एका बाईनं हसत हसत सांगितलं. मीही हसले. त्यानंतर तिला कोणीच बोलावलं नाही. वर्षभरात ती भावाकडे आंबागडला निघून गेली. जाताना मला भेटायला आली नाही, असं मी सांगत असे. आली होती. दाराशी आली होती, मी आतून कडी लावून बसले होते.

मी कॉफी करत राहिले, बरं का. बाजारची आणून. पुढं ते साहेब बदलून गेले, मग पुन्हा तरोट्याची. नोकरीतून सुटले तेव्हा सत्कारात माझ्या कॉफीवर बोलले लोक. आता बचत गटाच्या बाया त्याची पाकिटं भरतात, मला शिकवायला नेतात. एकीनं विचारलं, मावशी, तुम्ही कोणाजवळून शिकल्या? मी म्हटलं, आमच्या मायजवळून. तोंडातून असं सहज निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

पारबता आता नाही. गेल्या उन्हाळ्यात गेली. त्याच्या आदल्या वर्षी मी एकदा तिला भेटले होते, आणि आता तेवढंच सांगायचं राहिलं आहे.

भाचीच्या घरी बारसं होतं बपेऱ्याला. परत येताना तुमसरला उतरले आणि आंबागडची गाडी धरली. सांगायलाच निघाले होते. गाडीत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. दुपार होती. ती अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. सुकून गेलेली. मला पाहून उठली, “बाई, तुम्ही? अवो माय, तुम्ही कशा आल्या!” — डोळ्यांत पाणी. बसायला सतरंजी टाकली आणि आत भावजयीला हाक मारली, चहा ठेव म्हणून. मी म्हटलं, तू कर ना गं, तुह्या हातचा पिऊ दे. तर म्हणाली, “नाही जी. मी चुलीजवळ जात नाही. कोणाच्या पोटाले काही झालं तं?”

इतकी वर्षं. तिनं कोणाला काही रांधून घातलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तिचं बोलणं आधी सुरू झालं. म्हणाली, “बाई, तुम्ही आल्या ते बरं झालं. मी मेली असती तं मनातच राहिलं असतं. माह्यापाई तुमच्या नोकरीवर आलं होतं. लेकरू होतं तुम्हाले, काय झालं असतं! तुमच्या घरीबी आली होती मी माफी मागाले, तुम्ही नव्हत्या घरी. मले माफ करा बाई.”

चहा आला. भावजय उभी होती. कोंबड्या फिरत होत्या. पारबता माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्या तोंडातून बाहेर पडलं — “जाऊ दे पारबता. मी कवाच माफ केलं तुले.”

तिचा चेहरा कसा मोकळा झाला हो. कितीतरी वर्षांनी हसली असेल तशी हसली. पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्या पायाशी वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.